सोडून देतात ते कुणाला?

बेंबळीच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्याला जोडला गेला होता. मी तुळजापूरची. वडील कचेरीत कारकून होते. आमच्याकडं तेव्हा शाळा उर्दूत चालत, म्हणून वडिलांनी मला लहानपणीच सोलापूरला मावशीकडं मराठी शाळेत ठेवलं. तिथं मी मॅट्रिक झाले, पुढं इंटरही झाले. इतकं शिकायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. सोळाव्या वर्षी माझ्या डाव्या मनगटावर कोडाचा डाग दिसला, दोन वर्षांत तो बोटांपर्यंत उतरला आणि एक ओठाच्या कोपऱ्यावर आला. स्थळं बघणं थांबलं, आणि दुसरं काही करायचं नव्हतं म्हणून मी शिकत राहिले. बेंबळीचा हुकूम आला त्या दिवशी घरात कुणाला वाईट वाटलं नाही. आईनं तेवढा माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, तिथं कुणी काही बोललं तर मनावर घेऊ नकोस.

गावात एका शेतकऱ्याच्या घरात मागच्या बाजूची खोली भाड्यानं मिळाली. माणसं चांगली होती. घरच्या बाईला मी मावशी म्हणत असे. सणावाराला ती ताट पाठवायची, ज्वारीची गरम भाकरी पाठवायची. पण ताट परत आलं की ते राखेनं दोनदा घासलं जाई, ते मला खिडकीतून दिसे. माझ्यासाठी एक पितळी पेला वेगळा ठेवलेला होता. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं. दोन-चार वेळा तोच पेला पुढं आला, तेव्हा कळलं. मी माझं पाणी स्वतः आडावरून आणी आणि बायका बाजूला सरून मला आधी जागा देत. पहिल्यांदा मला तो मान वाटला होता.

शाळा सुटली की मी खोलीवर येई, कंदील पुसून ठेवी, आणि मग दिवस मावळेपर्यंत बोलायला कुणी नसे. कधी कधी रविवारचा सगळा दिवस माझा आवाज मलाच ऐकू येत नसे. सोमवारी वर्गात पहिलं वाक्य बोलताना घसा खरखरे.

शाळेत आम्ही पाचसहा शिक्षक होतो. त्यात सगळ्यांत वयानं मोठे एक मुसलमान मास्तर होते. मुलं त्यांना मास्टरसाब म्हणत, मीही तसंच म्हणू लागले. उंच, किडकिडीत, पांढरी दाढी बारीक कातरलेली, अंगात नेहमी काळी शेरवानी, कोपरावर रफू केलेली. उभी हयात त्यांनी भूगोल आणि इतिहास शिकवला होता, उर्दूतून. मराठी ते गावातल्या कुणाहीसारखी बोलत, त्यांचा जन्मच बेंबळीचा. पण बाळबोध लिपी त्यांना नव्यानं शिकल्यासारखी वाचावी लागे, एकेक अक्षर जोडून. आता सगळे विषय मराठीत झाले, पुस्तकं मराठी आली. मग हेडमास्तरांनी त्यांच्याकडून भूगोल काढून घेतला आणि दहावीचं इंग्रजी दिलं, कारण इंग्रजी पुस्तक त्यांना वाचता येत होतं. खालच्या वर्गांचं इंग्रजी आणि मराठी माझ्याकडं आलं. दहावी म्हणजे तेव्हाची मॅट्रिक. निकाल लागला की शाळेचं नाव कुठं ना कुठं छापून येई, त्यामुळं हेडमास्तरांना दहावीची धास्ती असे.

दिवाळीनंतर एका दुपारी मास्टरसाब माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. मुलं उठून उभी राहिली. त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडं मोठी डिक्शनरी आहे का. माझ्याकडं शाळेत बक्षीस मिळालेला एक इंग्रजी-मराठी कोश होता. सुटीत ते मला म्हणाले की नव्या पुस्तकात फ्रेजल व्हर्ब नावाचा धडा आहे. मोठी यादी दिली आहे, पुढं अर्थ दिला आहे, आणि पाठ करा एवढंच लिहिलं आहे. वर्गात एका मुलानं उभं राहून विचारलं, गिव्ह म्हणजे देणं, अप म्हणजे वर, मग गिव्ह अप म्हणजे सोडणं कसं? आणि दुसऱ्यानं मागून विचारलं, द्यायचंच असेल तर कुणाला द्यायचं?

"मी त्यांना उद्या सांगतो म्हटलं," मास्टरसाब म्हणाले. "उद्या काय सांगू, ते मला ठाऊक न्हाय, बाई."

मी त्यांना खरं तेच सांगितलं. मीही ती यादी सोलापुरात पाठच केली होती. परीक्षेत मार्क मिळाले, पण कळलं काही नव्हतं. लुक म्हणजे बघणं, लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं, लुक इंटू म्हणजे चौकशी करणं. एका बघण्याला इतकी पोरं कशी होतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

मग शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बसायचं ठरलं. उघड्यावर, लिंबाच्या झाडासमोर, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल असं. शिपाई वर्ग झाडत असे, त्याचा खराट्याचा आवाज चालू असे. मास्टरसाब बाकावर बसत, मी खुर्चीवर, मध्ये कोश.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट. ऊन होतं. माझ्याजवळ माझा तांब्या होता. बोलता बोलता ते म्हणाले, थोडं पाणी द्या बाई. मी तांब्या पुढं सरकवला, त्यांनी स्वतः ओतून घ्यावं म्हणून. त्यांनी ओंजळ पुढं केली. मला माझ्या हातानं ओतावं लागलं. माझी बोटं तांब्याच्या काठावर होती, पांढरी. ते पाणी प्यायले, ओंजळीत उरलेलं तोंडावरून फिरवलं आणि कोशात पुढचा शब्द शोधू लागले. त्या दिवशी पुढं काय शिकलो ते मला आठवत नाही.

सुरुवातीला आम्ही यादीचे दोन ढीग केले. एका ढिगात साधी क्रियापदं. सिट डाऊन, गो आउट, कम इन. खाली बसणं ते खाली बसणं, बाहेर जाणं ते बाहेर जाणं. त्यात समजावण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या ढिगात अडचणीची होती. पुट ऑफ, ब्रेक आउट, टर्न डाऊन, गिव्ह अप. ह्यांत दोन शब्दांची बेरीज केली की भलतंच उत्तर येई. दुसरा ढीग मोठा झाला. चारपाच दिवस आम्ही त्या ढिगासमोर नुसते बसून होतो. मास्टरसाब म्हणाले की भूगोलात असं होत नसे, नदी उगमापासून निघते आणि समुद्राला मिळते.

तोड निघाली ती शिपायामुळं. त्याची बायको त्याला जेवायला बोलवायला आली होती आणि तो काम उरकेना. ती रस्त्यावरून म्हणाली की भाकरी खाऊन टाक आणि मग काय झाडायचं ते झाड. मास्टरसाबांनी मान वर केली.

ते म्हणाले, खाऊन टाक. टाकायचं काय आहे त्यात?

मी म्हटलं, काही नाही. खा म्हणजे खा, आणि खाऊन टाक म्हणजे संपव, एकदाचं उरक. तिथं टाक हा शब्द काही टाकत नाही.

त्यांनी यादी बाजूला सारली. मग उर्दूतले शब्द एकेक करून बोलू लागले. बैठ आणि बैठ जा. मार आणि मार डाल. रो आणि रो ले. रडून घे, मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली. बसून राहा. झोपून जा. ऐकून घे. लिहून काढ. आम्ही दोघं आळीपाळीनं म्हणत होतो, जसं काही कुणी आम्हाला विचारत होतं. लिहून काढ म्हटल्यावर मी कोश ओढला. इंग्रजीत राइट आउट. काढणं म्हणजे बाहेरच की. ईट अप म्हणजे खाऊन टाक, त्यातलं अप काही वर नेत नाही, आपल्या टाकसारखंच ते काम संपवतं. ड्रिंक अप, युज अप, सगळीकडं तेच.

"आणि गिव्ह अप?" मास्टरसाबांनी विचारलं.

मी म्हणाले, सोडून देणे. आणि म्हणता म्हणताच थांबले. आम्हीही देतोच की. सोडतो आणि वर देतो. आयुष्यभर मी तो शब्द वापरत आले, पण ते देणं कुणाला, असा प्रश्न मला पडला नव्हता. इंग्रजाला तो विचारण्याआधी आपणच आपल्याला विचारायला हवा होता.

मास्टरसाब हसले. मी त्यांना हसताना तोवर पाहिलं नव्हतं. म्हणाले, त्या पोराला आता उत्तर देता येईल. त्याला सांगीन, तू आईला इचारून ये, सोडून दे म्हणती तवा कुणाला देती.

सगळे शब्द असे सुटले नाहीत. पुष्कळ तसेच राहिले, ते पाठच करावे लागले, आणि मास्टरसाबांनी वर्गात तसं सांगितलंही. पण मुलांची भीती गेली. आपल्या भाषेत जे आपण न शिकता करतो, तेच हे लोक वेगळ्या शब्दांनी करतात, एवढं त्यांना समजलं. एकदा मास्टरसाबांनी मला दहावीच्या वर्गात बोलावलं, मराठी शब्द नेमका पाहिजे म्हणून. त्या दिवशी ते आणखी एक गोष्ट शिकवत होते. टेक ऑफ युवर कॅप म्हणता येतं, पण कॅपऐवजी इट आलं की ते मध्येच बसतं, टेक इट ऑफ. टेक ऑफ इट म्हणायचं नाही. आणि लुक आफ्टर हिम मात्र तोडायचं नाही, तिथं हिम मागंच. त्यांनी सगळ्या मुलांना टोप्या काढायला आणि घालायला लावल्या. प्रत्येकानं काढताना टेक इट ऑफ म्हणायचं, घालताना पुट इट ऑन. सगळा वर्ग टोप्या काढत होता, घालत होता. गलका ऐकून हेडमास्तर आले. मास्टरसाबांनी त्यांनाही अदबीनं टोपी काढायला सांगितलं. हेडमास्तरांनी काढली, इंग्रजी वाक्य म्हटलं, परत घातली आणि निघून गेले. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. माझ्या हातांकडं त्या तासात कुणी पाहिलं नाही.

संक्रांतीच्या सुमाराला मावशी एका संध्याकाळी माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन बसली. बाहेरच बसली. तिला द्यायला मी तिळगूळ आणून ठेवला होता, पण मी तो पुढं केला नाही. ती इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "बाई, गावात बोलाया लागलेत."

"काय बोलतात?"

"शाळा सुटल्यावर तुमी त्या मास्तरासंगं बसता. ते म्हातारे हायत, त्याचं न्हाय कुणी काय म्हणत. पर ते तुमच्या हातचं पानी पित्यात म्हनं."

"पितात," मी म्हटलं. "तहान लागते त्यांना."

मावशी उठली. बोलून तिलाच अवघड झालं असावं. जाताना म्हणाली की मी आपलं कानावर घातलं, राग मानू नका. मला राग आला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी व्हरांड्यात गेले आणि तांब्या नेहमीपेक्षा पुढं, रस्त्याच्या बाजूला ठेवला.

मास्टरसाब स्वतःबद्दल बोलत नसत. बायको कधीच वारली होती, तिची कबर गावाबाहेर होती. थोरला मुलगा पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांत कराचीला निघून गेला आणि धाकटा हैदराबादला छापखान्यात होता. हे मला शिपायाकडून कळलं होतं. त्यांच्या तोंडून एकदाच निघालं, आणि तेही एका शब्दावरून.

यादीत लुक फॉरवर्ड टू होतं. पुस्तकात अर्थ दिला होता, वाट पाहणे. मास्टरसाबांना ते पटेना. त्यांचं म्हणणं, वाट माणूस कर्ज वसूल करायला येणाऱ्याचीही बघतो, ह्या शब्दात खुशी आहे, ती मराठीत कुठं गेली? मी डोळे लावून बसणे म्हटलं. ते म्हणाले त्यात दुःख आहे. मी आस लावणे म्हटलं. तेही बसेना. मग त्यांनी पुस्तक मिटलं.

"बाई, तुमी कशाची वाट बघता? अशी, खुशीची?"

मी विचार केला. खरंच केला. पगाराची बघत होते, सुटीची बघत नव्हते. तुळजापूरला गेलं की लहान बहिणीच्या लग्नाची बोलणी माझ्यासमोर हळू आवाजात होत.

"म्या डाकवाल्याची बघायचो," ते म्हणाले. "लई वर्सं बघितली. आता त्यो दिसला तर म्याच आत जातो, त्याला वाईट वाटू नये म्हणून."

झाडणं संपवून शिपाई किल्ल्या घेऊन उभा होता. आम्ही उठलो. त्या शब्दाला आम्ही मराठी शब्द लावलाच नाही.

दहावीचा निकाल चांगला लागला. इंग्रजीत फारच थोडी मुलं नापास झाली. हेडमास्तरांनी मास्टरसाबांना हार घातला, त्यांनी तो काढून शिपायाच्या हातात दिला. पुढच्या वर्षी इन्स्पेक्टर आले. त्यांनी दहावीचा तास पाहिला आणि इंग्रजी शिकवताना खाऊन टाक आणि रडून घे कशाला, असं विचारलं. पुस्तकात तसं नाही, आणि इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवायचं असा आता हुकूम आहे, म्हणाले. मास्टरसाब उभे राहून ऐकत होते. मान खाली घालून जी म्हणाले. व्हरांड्यात माझ्याजवळ येऊन बसले तेव्हा एवढंच म्हणाले की आधी उर्दू नको झाली, आता मराठी नको झाली, मग आम्ही पोरांशी बोलायचं कशात? त्यानंतरही ते तसंच शिकवत राहिले, फक्त दार लावून घेत.

त्या वर्षअखेरीला ते रिटायर झाले. धाकटा मुलगा त्यांना न्यायला आला. मला वाटलं होतं ते जाणार नाहीत, घर आहे, कबर आहे. पण मुलानं घराला गिऱ्हाईक आणलं होतं. जाण्याच्या आदल्या दिवशी ते शाळेत आले. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना भेटले आणि मग व्हरांड्यात माझ्यासमोर उभे राहिले. बसले नाहीत. म्हणाले, दहावीचं इंग्रजी आता तुमच्याकडं येईल, म्या हेडमास्तरांना बोललो आहे. मग थोडं थांबून म्हणाले, "पानी द्या, बेटी."

तोवर त्यांनी मला बाई सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. मी पाणी ओतलं.

मोटार सकाळी होती. मी निरोप द्यायला गेले नाही. स्टँडवर पुरुष जमतील, आपण तिथं कशाला, असं वाटलं. वर्गात होते तेव्हा मोटारीचा आवाज आला आणि लांब गेला. मुलांना मी लिहून काढा म्हटलं आणि फळ्याकडं तोंड करून उभी राहिले.

दहावीचं इंग्रजी माझ्याकडं आलं. मी त्यांच्यासारखंच शिकवलं, टोप्यांसकट. शाळा सुटल्यावर काही दिवस मी व्हरांड्यात बसत होते. वह्या तपासत होते असं म्हणता येईल. झाडून झालं की शिपाई किल्ल्या घेऊन लांब उभा राही, बाईंना उठा कसं म्हणावं असं त्याला होई. मग मी बसणं बंद केलं.

दोन वर्षांनी गावातला एक कापड दुकानदार हैदराबादहून आला. त्यानं शाळेत येऊन सांगितलं की मास्टरसाब भेटले होते. एका गल्लीत मुलाच्या दाराशी खाटेवर बसून असतात. तिकडं मराठी बोलणारं कुणी नाही, दुकानदाराला त्यांनी हात धरून बसवून घेतलं आणि दिवस कलेपर्यंत बेंबळीचं विचारत राहिले. पावसाचं विचारलं, लिंबाचं विचारलं, दहावीच्या निकालाचं विचारलं. माझं विचारलं का, असं मी त्याला विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. पुढच्याच उन्हाळ्यात ते गेल्याचं कळलं, तेही जाऊन महिना झाल्यावर.

मी बेंबळीला आणखी काही वर्षं काढली. डाग चेहऱ्यावर पसरले, एका गालावरून कपाळापर्यंत गेले. मग ते इतके झाले की लोकांना सवय झाली. मावशीची सून एकदा ताप आला असताना माझ्या खोलीत आली आणि माझ्या हातचा काढा प्यायली. मावशी काही बोलली नाही. शेवटी तुळजापूरच्या शाळेत माझी बदली झाली. आई-वडील तोवर राहिले नव्हते. घर भावाचं होतं. मी देवळामागच्या गल्लीत वेगळी खोली घेतली.

तुळजापूरची शाळा मोठी होती, शिक्षकांची खोलीही मोठी. सगळे आपापल्या घाईत असत. बाजारात तोवर गाईडं आली होती. त्यात फ्रेजल व्हर्बचे अर्थ छापलेले असत आणि मुलं ते पाठ करून येत. वर्गात मी सोडून देणे म्हणजे कुणाला देणे असं विचारलं की मुलं एकमेकांकडं बघत, आणि एखादा हुशार मुलगा सांगे की बाई, गाईडमध्ये हे नाही. मी तरी विचारत असे. कधी एखाद्या वर्गात कुणी हसे, कुणी विचारात पडे, आणि तो तास बरा जाई.

संध्याकाळी घंटा झाली की सगळे निघत. घरी जायची मला कधी घाई नव्हती, पण थांबायलाही तिथं काही नसे. मी छत्री घेई आणि देवळाच्या पायऱ्यांच्या बाजूनं, गर्दी नसे त्या रस्त्यानं, खोलीवर जाई.